मशीहाचा अव्हेर आणि संदेष्ट्याचा ‘आम्ही’

भुसावळ हे रेल्वेचे गाव. मुंबईहून आलेला लोहमार्ग येथे दुभंगतो. त्याचा एक फाटा वऱ्हाडातून नागपुरास जातो आणि दुसरा खांडव्यावरून इटारसीकडे व पुढे उत्तर हिंदुस्थानात जातो. या रेल्वेच्या चाकरीमुळे गोव्याकडील कॅथलिक, अँग्लो-इंडियन आणि मराठी प्रॉटेस्टंट अशी निरनिराळ्या पंथांची ख्रिस्ती कुटुंबे या गावी आली. शिवाय खानदेशात व वऱ्हाडात काम करणाऱ्या अलायन्स मिशनचेही हे क्षेत्र होते. पंथांचे मतभेद अनेक असले, तरी ख्रिस्ती जगात सर्वत्र गुड फ्रायडेच्या दिवशी एका प्रकरणाकडे मन आपोआप वळते. ते प्रकरण नव्या करारातील नाही, ते यहूदी लोकांच्या हिब्रू शास्त्रातील आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील हा त्रेपन्नावा अध्याय होय.

या अध्यायात परमेश्वराच्या एका सेवकाचे वर्णन आले आहे. हा सेवक रूपाने आकर्षक नाही, त्याला मान नाही. लोक त्याला पाहून तोंड फिरवितात. त्याची दुर्दशा म्हणजे ईश्वराने त्याला केलेले शासनच, अशी त्यांची समजूत असते. पुढे त्यांचे डोळे उघडतात आणि त्यांना कळून येते की, तो जे दुःख भोगीत होता ते त्याचे नव्हते, ते पाहणाऱ्यांच्या अपराधांचे होते. एवढे झाल्यावरही त्याने तोंड उघडून तक्रार केली नाही. असा हा सेवक कोण, या प्रश्नावर दोन धर्मांच्या वाटा गेली सुमारे दोन हजार वर्षे निराळ्या झाल्या आहेत.

हा प्रश्न नव्या करारातच विचारला गेला आहे. कूश देशाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमेहून रथात बसून परत जात असता हाच अध्याय वाचीत होता. वाटेत फिलिप्प नावाचा शिष्य भेटला, तेव्हा त्याने विचारले की, संदेष्टा हे स्वतःविषयी सांगतो की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिप्पाने तेथून आरंभ करून त्याला येशूची कथा सांगितली, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे.

फिलिप्पाच्या उत्तराचे महत्त्व कळण्यास पहिल्या शिष्यांपुढील अडचण ध्यानी घेतली पाहिजे. ‘मशीहा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘अभिषिक्त’, आणि ‘ख्रिस्त’ हे त्याचेच ग्रीक भाषांतर. ज्याच्या मस्तकी तेलाचा अभिषेक झाला असा राजा येईल, दावीदाचे सिंहासन पुन्हा उभे राहील, ही यहूदी लोकांची आशा होती. येशू हाच तो राजा असे शिष्य सांगू लागले, तेव्हा ऐकणारा साहजिकच विचारी की, राजा आला तर त्याच्याच लोकांच्या पुढाऱ्यांनी त्याला का नाकारले, आणि रोमी शिपायांनी त्याला वधस्तंभावर का खिळले? या आक्षेपास उत्तर शोधताना शिष्य शास्त्राकडे वळले. बांधकाम करणाऱ्या गवंड्यांनी टाकून दिलेला दगडच कोपऱ्याचा मुख्य दगड झाला, हे एकशे अठराव्या स्तोत्रातील चित्र त्यांना सापडले, आणि त्याच्या शेजारी यशयाचा हा अध्याय त्यांनी ठेविला. अशा रीतीने मशीहाचा अव्हेर हा त्याच्या विरुद्धचा पुरावा न राहता त्याच्या बाजूचाच पुरावा ठरला. योहानाच्या शुभवर्तमानात लोकांच्या अविश्वासाचा खुलासा करताना याच अध्यायाचा आधार घेतला आहे.

यहूदी परंपरेचे उत्तर निराळे आहे, आणि तेही शास्त्राच्याच आधारावर उभे आहे. या अध्यायात ‘मशीहा’ हा शब्दच नाही. याच ग्रंथातील आधीच्या अध्यायांत परमेश्वराचा सेवक म्हणून इस्राएलाचे नाव स्पष्टपणे घेतले आहे. देशोदेशी विखुरलेले आणि हालअपेष्टा सोसणारे राष्ट्र हाच तो सेवक, असा अर्थ यहूदी विद्वान करीत असत, हे तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती पंडित ओरिजेन यानेच नमूद केले आहे. अकराव्या शतकातील थोर भाष्यकार राशी यानेही हाच अर्थ स्वीकारला. जुन्या अरामी भाषांतरात मात्र सेवकाला मशीहा म्हटले आहे आणि त्याचे दुःख इतरांकडे वळविले आहे. म्हणजे यहूदी परंपरेतही एकच सूर नव्हता. परंतु एका गोष्टीविषयी तिला कधी संशय नव्हता. मशीहा आला म्हणजे शस्त्रांचे नांगर होतील आणि राष्ट्रे युद्ध विसरतील, असे त्याच यशयाने सांगितले आहे. जगात तसे घडलेले दिसत नाही, तेव्हा मशीहा अद्याप यावयाचा आहे. म्हणून ज्याला ख्रिस्ती मनुष्य ‘अव्हेर’ म्हणतो, त्याला यहूदी मनुष्य ‘प्रतीक्षा’ म्हणतो.

मूळ पाठ कोणी बदलला काय, असा संशय घेण्यास जागा नाही. १९४७ मध्ये मृत समुद्राकाठच्या गुहांत यशयाच्या ग्रंथाची ख्रिस्तपूर्व काळातील गुंडाळी सापडली. किरकोळ पाठभेद सोडले, तर हा अध्याय तीत आजच्यासारखाच आहे. वाद अक्षरांचा नाही, तो वाचण्याचा आहे.

हे दोन्ही वाचक मराठी भाषेत एकमेकांस भेटले, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावरील गावांत बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहत आले. ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची बोली मराठी, पेहराव मराठी आणि आडनावे गावांवरून पडलेली. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते. इस्राएलाचा देव एकच आहे अशी घोषणा करणारी प्रार्थना तेवढी त्यांच्या मुखी राहिली होती. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिशनरी मंडळी मुंबईस आली, तेव्हा हे लोक पाहून त्यांस मोठा हर्ष झाला. संदेष्ट्यांची वचने ज्या राष्ट्राला दिली गेली त्याचेच वंशज येथे मराठी बोलत होते! त्यांच्या हाती त्यांचेच शास्त्र दिले की त्यांना मशीहाची ओळख पटेल, अशी मिशनऱ्यांची श्रद्धा होती. अमेरिकन मिशनने त्यांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या. १८२९ मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. जुना करार मराठीत उपलब्ध झाला आणि बेने इस्राएल मुलेमुली तो वाचू लागली.

परिणाम मात्र अपेक्षेहून उलट झाला. ख्रिस्ती धर्म स्वीकारणारे फारच थोडे निघाले. बहुतेकांना त्या शास्त्रात मशीहाच्या अव्हेराची कथा दिसली नाही, त्यांना त्यात आपलेच हरवलेले घर दिसले. विल्सन यांच्या व्याकरणाने जी किल्ली दिली, तिने त्यांनी आपल्याच पूर्वजांचे दार उघडले. १८४६ मध्ये वल्हांडण सणाचा पाठ मराठी भाषांतरासह मुंबईत शिळाप्रेसवर छापला गेला. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. पुढे बायबलातील कथांवर बेने इस्राएल कीर्तने होऊ लागली. विशेष हे की, हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याचे ऋण मान्य केले आहे. त्यांनी मिशनऱ्यांचे शिक्षण घेतले, त्यांचा सिद्धान्त घेतला नाही, आणि तरीही वैर धरिले नाही.

केहिमकरांच्या ग्रंथातील एक परंपरा या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. बेने इस्राएलांचे पूर्वज ख्रिस्तपूर्व १७५च्या सुमारास जुलमाला कंटाळून स्वदेशातून निघाले आणि जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागले, असे ती सांगते. इतिहासाच्या कसोटीवर ही परंपरा सिद्ध झालेली नाही. पण जो समाज ती जपतो, त्याच्या दृष्टीने तिचा अर्थ उघड आहे. येशूच्या जन्मापूर्वीच जे यहूदी देशातून निघून गेले, त्यांच्यावर त्याला नाकारल्याचा आरोप कसा ठेवावा? ज्या दिवशी यरुशलेमेत तो निवाडा झाला, त्या दिवशी त्यांचे पूर्वज कोकणात घाणा फिरवीत होते, असेच ही परंपरा मानणारा म्हणेल. हे लोक एलीया संदेष्ट्याच्या नावे मलिदा करीत. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे ताटात मांडून प्रार्थना होई. मशीहाच्या आधी एलीया येईल अशी यहूदी श्रद्धा आहे, आणि तो अलिबागजवळ प्रकट झाला होता असे बेने इस्राएल सांगतात. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्राएल देशास गेले, तरी हा विधी त्यांनी तेथेही नेला.

आता यशयाच्या अध्यायाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्यातील एका लहानशा शब्दावर सारे अवलंबून आहे. सेवकाचा अनादर कोणी केला? संदेष्टा ‘त्यांनी’ म्हणत नाही. तो प्रथम पुरुषी अनेकवचनात बोलतो. मराठी भाषांतरकारापुढे येथे एक खास प्रश्न उभा राहतो. हिब्रूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद नाही; मराठीत आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून केडगाव येथे सबंध बायबल सोप्या मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंपुढेही हा प्रश्न आलाच असला पाहिजे. त्यांचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषांतरकार दोहोंपैकी कोणताही शब्द निवडो, ‘त्यांनी’ हा शब्द मात्र त्याला वापरता येत नाही.

यहूदी वाचनातही हाच नियम आहे. आधीच्या अध्यायाच्या शेवटी परराष्ट्रांचे राजे विस्मयाने स्तब्ध झालेले दिसतात. तेच पुढे बोलू लागतात आणि इस्राएलाला आपण तुच्छ मानिले अशी कबुली देतात, असे हे वाचन सांगते. ख्रिस्ती वाचनात ती कबुली शिष्यांची आहे. संकटसमयी गुरूला सोडून पळालेले ते शिष्यच होते, आणि मी त्याला ओळखत नाही असे सांगणारा पेत्र हा त्यांचा अग्रणी होता. कोणत्याही बाजूने वाचले, तरी हा अध्याय पश्चात्तापाचा आहे, फिर्यादीचा नाही.

हा ‘आम्ही’ पुसून तेथे ‘ते’ लिहिले गेले, तेव्हा काय घडले याला इतिहास साक्षी आहे. १०९६ मध्ये क्रूसयुद्धास निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या यहूदी वस्त्या उद्ध्वस्त केल्या. १४९२ मध्ये स्पेनने यहूद्यांना देशाबाहेर घालविले. या वाऱ्याची झळ कोकणच्या शेजारीही पोहोचली. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले. हिंदुस्थानातील वनस्पतींवर १५६३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणारे वैद्य गार्सिया द ओर्ता हे यहूदी वंशाचे होते. ते १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला जाळण्यात आले, आणि गुप्तपणे यहूदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५८० मध्ये त्यांची हाडे उकरून काढून तीही जाळण्यात आली. विसाव्या शतकात हिटलरच्या राज्यात सुमारे साठ लाख यहूदी मारले गेले. त्या संहाराचे मूळ वंशद्वेषात होते हे खरे. परंतु शतकानुशतके कानी पडलेल्या ‘त्यांनी मशीहाला मारले’ या वाक्याने त्याची जमीन भुसभुशीत केली होती, हे ख्रिस्ती विचारवंतांनीच पुढे कबूल केले. रोमन कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केले की, येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांवर, किंवा आजच्या यहूद्यांवर, ठेवता येत नाही.

चर्चला हे नव्याने शोधावे लागले नव्हते. पौलाने रोमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात ते आरंभीच सांगून ठेविले होते. आपल्या जातभाईंनी ख्रिस्त स्वीकारला नाही याचे त्याला अपार दुःख होते. तरी देवाने आपल्या लोकांचा त्याग केला नाही, असे त्याने निक्षून लिहिले. परराष्ट्रांतील ख्रिस्ती लोकांस त्याने रानजैतुनाच्या फांदीची उपमा दिली. ही फांदी बागेतील झाडावर कलम केलेली आहे. तेव्हा तिने मुळापुढे फुशारकी मारू नये, कारण मुळाला फांदीने धरिलेले नसून फांदीला मुळाने धरिले आहे.

मशीहा कोण, याविषयी यहूदी व ख्रिस्ती यांचा मतभेद मिटलेला नाही आणि सौजन्याखातर तो मिटल्याचे भासविण्यात काही लाभही नाही. प्रश्न एवढाच आहे की, तो अध्याय वाचणाऱ्याने कोणाच्या जागी उभे राहून वाचावे. भुसावळच्या एखाद्या ख्रिस्ती घरात गुड फ्रायडेच्या दुपारी तो वाचला जाईल, तेव्हा वाचणाऱ्याचे बोट दूरच्या यरुशलेमेकडे वळण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे पाहून गावाने तोंड फिरविले, ज्याच्या दुःखाला त्याच्याच पापाचे फळ म्हटले, असा मनुष्य प्रत्येक गावात असतो. त्याच्याविषयी बोलताना जो ‘आम्ही’ म्हणू शकेल, त्याला संदेष्ट्याचे म्हणणे समजले असे मानावयास हरकत नाही.