उन्हाळी लागणे : घरचे उपाय आणि चिनी उपाय
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेतल्या काही मंडळींनी माना खाली घातल्या, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. लघवीला आग होणे, घडीघडी जावेसे वाटणे, ओटीपोटात कळ येणे, याला आपण 'उन्हाळी लागणे' म्हणतो. शब्द मोठा चतुर आहे. तो सारा दोष उन्हावर टाकतो आणि बोलणाऱ्याची लाज राखतो. वास्तविक बहुतेक वेळा हा जंतूंचा उपद्रव असतो. आतड्यात एरवी गुण्यागोविंदाने राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू मूत्रमार्गात शिरतो. स्त्रियांचा हा मार्ग आखूड, म्हणून त्यांना त्रास अधिक.

तरी ऊन अगदीच निर्दोष नाही. सौंसरकडच्या संत्र्याच्या बागेत किंवा पांढुर्ण्याच्या कपाशीच्या वावरात दिवसभर राबणारी बाई पाणी पीत नाही. कारण प्यायले तर जायचे कुठे? ती तहान मारते, लघवी रोखून धरते, आणि जंतूंना आत मुक्काम ठोकायला निवांत वेळ मिळतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पाणी कमी पिणाऱ्या आणि वारंवार हा त्रास होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतर स्त्रियांना ३.२ वेळा. फुकटचे औषध म्हणावे ते हेच.

आयुर्वेदात या व्याधीला मूत्रकृच्छ्र म्हणतात. गोखरू, पुनर्नवा, वाळा ही त्यावरची जुनी द्रव्ये. घरी धन्याचे पाणी देतात, पळसाची फुले वाफवून ओटीपोट शेकतात. शेकाने कळ उतरते, यात शंका नाही. धन्याच्या पाण्यातले धने किती काम करतात आणि पाणी किती, हा प्रश्न आम्ही मोकळाच ठेवतो. पण तांब्याभर पोटात जाते हे बरेच झाले.

आता चिनी वैद्यकाकडे वळू. ते आपल्याला वाटते तितके परके नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसे आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये सुया टोचण्याची विद्या शिकून १९५९ पासून ती कलकत्त्यात चालविली. मूत्रविकारावर चिनी वैद्य 'बा झेंग सान' नावाचे आठ द्रव्यांचे चूर्ण देतात. त्यातले एक बी आपल्या इसबगोलाच्या भाईबंदाचे आहे. वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांवरील चिनी वनस्पतींच्या सात चाचण्या, एकूण ५४२ स्त्रियांच्या, २०१५ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. काही गुण दिसला. पण चाचण्या लहान आणि सदोष, म्हणून खात्री देता आली नाही.

याच चूर्णात 'मु तोंग' नावाची वेल पडते. मूळ वेलीच्या जागी तिच्याच नावाची दुसरी वेल बाजारात आली, आणि ती मूत्रपिंडाला विषारी निघाली. २००३ मध्ये चीनने तिचा औषधी वापर बंद केला. त्याआधी १९९० नंतरच्या काही वर्षांत ब्रुसेल्स शहरात, वजन उतरविण्याच्या गोळ्यांतून याच जातीचे विष पोटात जाऊन अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली होती. म्हणजे मूत्रविकाराचे औषधच मूत्रपिंडावर उठू शकते. आणि हा दोष केवळ पाल्याचा नव्हे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारी परासियाच्या बाजूला बाटलीतल्या विषारी खोकल्याच्या औषधाने कितीतरी बालके मूत्रपिंडे बंद पडून दगावली. त्या घरांची आठवण काढल्यावाचून आम्हांला पुढे बोलवत नाही. पुडी असो वा बाटली, आत काय आहे हे देणाऱ्याला सांगता येत नसेल तर ती परत करावी.

साधी आग एखाद्या दिवसाची असेल तर पाणी आणि शेक यांवर निभावते. पण थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, उलट्या झाल्या, लघवीतून रक्त गेले, तर काढा उकळत बसू नये. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढला असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गर्भार स्त्री, मधुमेही, लहान मूल आणि पुरुष यांनी साध्या आगीलाही दाखवावे. औषध सुरू करण्यापूर्वी लघवीची तपासणी करावी. पहिली धार सोडून मधली स्वच्छ बाटलीत घ्यावी. औषध सांगितले तितके दिवस घ्यावे, दोन दिवसांत आग थांबली म्हणून उरलेल्या गोळ्या जावेसाठी जपून ठेवू नयेत. हे आम्ही घरोघर पाहिले आहे.

२०२३ पासून आपला पांढुर्णा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या. या सभेत बागाईतदार बरेच आहेत. त्यांना एकच विनंती: येत्या बहाराच्या तोडणीपूर्वी बागेच्या कडेला चार खांब, दार आणि कडी असलेला आडोसा उभारावा, आत बादलीभर पाणी ठेवावे, आणि त्याची जागा गड्यांना नव्हे, बायांना विचारून ठरवावी.