शून्य दिसतंय, पण कधीपासूनचं?

आज अकोल्यातून बोलतोय. विषय डेटाबेसचा, पण सुरुवात पावसापासून करू. "यंदा दोनशे मिलिमीटर झाला" असं कुणी म्हटलं, तर आपण "कधीपासून?" असं विचारत नाही. हवामान खात्याची मान्सूनची मोजणी १ जूनपासून असते, हे ठरलेलंच आहे. पोस्टग्रेसच्या आकड्यांना असा ठरलेला १ जून नाही.

मी एका जिनिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. जुलैत ज्युनिअरचा मेसेज आला, "दादा, काटापावतीवरचा इंडेक्स एकदाही वापरला गेलेला नाही. उडवू का?" आकडा खरंच शून्य होता. म्हटलं, थांब बाप्पा, हे शून्य कधीपासूनचं? पीजी-स्टॅट-डेटाबेस या व्ह्यूमध्ये स्टॅट्स-रिसेट नावाचा कॉलम असतो, तो बघ.

तारीख निघाली एप्रिल अखेरची. ट्युनिंग तपासताना टीममध्ये कुणीतरी आकडे रिसेट केले होते. आता सांगा, आपल्याकडे कापूस येतो दिवाळीच्या आगेमागे. एप्रिल अखेर ते जुलै काट्यावर गाडीच नाही, तर इंडेक्स वापरणार कोण? तो उडवला असता, तर नोव्हेंबरमध्ये एकेक पावती शोधायला अख्खं टेबल चाळावं लागलं असतं, आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग.

बरं, हा कॉलम कधीकधी रिकामा दिसतो. त्यावरून "रिसेट झालंच नाही" असं धरू नका. सर्व्हर नीट बंद करून चालू केला तर आकडे टिकतात, पण क्रॅश झाला की पुसले जातात. म्हणून सर्व्हरचा लॉगही बघायचा. रेप्लिका असेल तर तिचे आकडे वेगळे. रिपोर्ट तिथून निघत असतील, तर मुख्य सर्व्हरवर त्या इंडेक्सचं शून्यच दिसणार. मायएसक्यूएलमध्ये तर न वापरलेल्या इंडेक्सची यादी सर्व्हर शेवटचा चालू झाल्यापासूनचीच असते. काल रिस्टार्ट केला असेल, तर आज अर्धे इंडेक्स बिनकामाचे वाटतील!

२०२३ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १६ पासून इंडेक्स शेवटचा कधी वापरला, ती वेळही मिळते. चांगली सोय आहे, पण रिसेट केलं की तीही जाते.

आणि उगाच रिसेट करू नका राव. ऑटोव्हॅक्यूम कुठलं टेबल कधी साफ करायचं, हे त्याच मोजणीवरून ठरवतं. केलंच, तर लगेच अख्ख्या डेटाबेसवर ॲनालाइझ चालवा.

आम्ही आता रोज रात्री इंडेक्सचे आकडे आणि सोबत रिसेटची तारीख वेगळ्या टेबलात टाकतो. आदल्या दिवसापेक्षा आकडा कमी दिसला, की मधे मोजणी पुसली गेली हे कळतं. तो इंडेक्स अजून आहे. ज्युनिअरला सांगितलंय, फेब्रुवारी उलटू दे, मग विचार.