नजरेत बसणारे शब्द



मी काही व्याख्याती नव्हे. १९९८ साली वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, त्याच्याही आधीपासून मी इकडच्या खेड्यांत पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवीत आले. तेव्हा वाचनात मागे पडणाऱ्या मुलांविषयीच चार शब्द बोलते.

आधी माझी चूक सांगते. दुसरीतली एक मुलगी वाचायला उभी राहिली. पुस्तकात होते, ‘मला भूक लागली आहे.’ तिने वाचले, ‘मले भूक लागली हाय.’ मी तिला सगळ्यांदेखत थांबवले. पुन्हा तेच आले, पुन्हा थांबवले. दुसऱ्या दिवसापासून ती उभीच राहिना. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की, वर्गात खरी वाचणारी तीच होती. अर्थ कळल्यावाचून ‘मला’चे ‘मले’ कोण करील? तिच्या शेजारचा मुलगा धडा घडाघडा म्हणे, आणि पुस्तक उलटे धरले तरी त्याचे अडत नसे. शाबासकी मात्र मी त्याला दिली होती!

एडवर्ड डॉल्च नावाच्या अमेरिकन अध्यापकाने १९३६ साली इंग्रजीतल्या २२० शब्दांची यादी केली. हे शब्द पानोपानी येतात, आणि त्यांतले पुष्कळसे अक्षरे जुळवून नीट उच्चारता येत नाहीत. म्हणून ते पाहताक्षणी ओळखता यावेत, असा त्याचा आग्रह. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ यांसाठी ही युक्ती आपल्यालाही उपयोगी आहे. पण मराठीला ती जशीच्या तशी लावू नये. आपले ‘घर’, ‘कमळ’ अक्षराने वाचता येते. ते चित्रासारखे पाठ करून घेतले की तो उलट्या पुस्तकवाला मुलगाच तयार होतो.

मग मराठीत नजरेने ओळखायचे शब्द कोणते? माझ्या मते थोडेच. ‘म्हणाला’, ‘त्याने’, ‘तुम्ही’, ‘माझ्या’ हे एक. गोष्टीत हे पहिल्याच पानावर येतात आणि जोडाक्षरे शिकवायची वेळ यायची असते मागाहून. मूल ‘म’, ‘ह’, ‘णा’, ‘ला’ असे ठेचकाळते आणि तोवर गोष्ट निसटते. दुसरे, मुलाच्या तोंडी नसलेले पुस्तकी शब्द. मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या मुलाच्या घरी ‘आहे’ नाहीच. तिथे ‘छ’ आहे. त्याला अक्षरे येऊनही शब्द परका वाटतो. म्हणून आधी तो बोलण्यात आणावा, मग पट्टीवर दाखवावा. ‘हाय’ म्हणणाऱ्याला रागावू नये. “बरोबर वाचलंस, पुस्तकात त्याला ‘आहे’ म्हणतात,” एवढे पुरे.

एका बसणीला तीनच शब्द घ्यावेत. पट्टी दाखवावी, लगेच तोच शब्द पुस्तकात शोधायला लावावा. मुले सापडला की टाळी पिटतात. आदल्या दिवसाचे शब्द आधी, नवे मागून. एखादा आठ दिवस बसला नाही तर तो बाजूला ठेवावा. मुलालाही दम खाऊ द्यावा. अक्षरांचे शिकवणे रोज चालूच राहील, ते सोडायचे नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या त्या वेळच्या आदिवासी भागात शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपल्याला तर इतके दूर जायचे नाही; सोयाबीन काढणीच्या दिवसांत ज्यांची शाळा बुडते ती मुले आपल्याच गल्लीत आहेत. ज्या मायबहिणींना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनीही यावे. शब्द दाखवायचे काम मूल करील, ऐकायचे तुम्ही करा. आईने “हे काय लिहिलंय रे?” असे विचारले की पोरगे कसे ऐटीत सांगते, ते मी पाहिले आहे.

पट्ट्यांना पैसा लागत नाही. घरोघर जुन्या लग्नपत्रिका पडून असतात, त्यांची मागची बाजू कोरी असते. येत्या बुधवारी चार-चार घेऊन या. कात्री आणि शाई मी आणते.