शेजारधर्म आणि बाजारपेठ



मुलूख सोडून दूर येऊन राहिलेल्या आपणांस शेजाराचे मोल निराळे सांगावयास नको. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात राष्ट्राराष्ट्रांतील शेजाराविषयी, विशेषतः त्यांच्या आर्थिक सहकार्याविषयी, थोडे विचार आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो.

१९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी कोळसा व पोलाद यांचा कारभार सामाईक संस्थेकडे सोपविण्याचा करार केला. ज्या पोलादाच्या तोफा होत, तेच सामाईक झाल्यावर एकट्याने युद्धाची तयारी करणे अवघड झाले. आजच्या युरोपीय संघाचे बीज ते हेच.

आपल्याकडे १९८५ साली ढाक्यात ‘सार्क’ स्थापन झाली. २००६ पासून मुक्त व्यापाराचा करारही अमलात आला. तथापि या देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे पाच टक्क्यांपुढे फारसा सरकला नाही. सवलतीतून वगळलेल्या मालाच्या याद्या, सीमेवरील खोळंबा आणि राजकीय वैमनस्य ही त्याची कारणे होत. मोठ्या देशाच्या मालापुढे आपले उद्योग टिकतील काय, ही लहान देशांची धास्तीही अगदीच निराधार नव्हे.

आपल्या नाशिकच्या कांद्याचेच पाहा. बांगलादेश हे त्याचे जुने गिऱ्हाईक. सप्टेंबर २०१९ मध्ये भाव भडकताच भारताने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. घरच्या ग्राहकाची चिंता सरकारला वाहावीच लागते, हे खरे. परंतु तिकडे ढाक्यात भाव कडाडले, इकडे शेतकऱ्याची परदेशी बाजारपेठ बुडाली, आणि बांगलादेशाने इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा आणविला. २०२० व २०२३ साली पुन्हा तीच बंदी आली. एकदा दुसऱ्या दुकानाची वाट धरलेले गिऱ्हाईक सहजी परतत नाही.

याउलट, नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतीय तारांवरून प्रथमच बांगलादेशात पोहोचली. विकणारा, वाट देणारा आणि घेणारा, तिघांचाही त्यात लाभ झाला.

जकात उतरविणे ही पहिली पायरी होय. परस्परांचा भरवसा ही दुसरी, आणि तीच अधिक कठीण. टंचाईतही शेजाऱ्यास पूर्वसूचना द्यावी, ठरलेला किमान वाटा त्याच्यासाठी राखावा, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधेल. सुबत्तेत देवघेव कोणीही करील; शेजाराची परीक्षा टंचाईतच होते.