कुलगुरूंची नेमणूक आणि फडताळावरचा रेडिओ

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "विद्यापीठे आणि रेडिओ" असा विषय छापला आहे. तो वाचून आमच्या आळीतल्या एक काकू मला म्हणाल्या, "अगं, तू सातवी शिकलेली, तुला विद्यापीठाशी काय करायचंय?" मी म्हटले, "मला काही करायचं नाही काकू, पण माझ्या मुलीला करायचंय, आणि तिची फी भिशीच्या पैशांतून मी भरली आहे." तेव्हा त्या हसल्या. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून मला थोडे भय वाटते आहे.

आधी घरातलीच गोष्ट सांगते. विद्यापीठाचे नाव मी घेणार नाही. मुलगी बी. एड. झाली. तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले, पण एका शाळेने जागा देताना मूळ पदवी मागितली. पदवी छापलेली नव्हती, कारण पदवीदान समारंभ पुढे ढकललेला. तो का ढकलला, तर जुने कुलगुरू मुदत संपून गेलेले आणि नवे आलेले नाहीत. मधल्या काळात दुसऱ्याच ठिकाणचे एक गृहस्थ कारभार पाहत होते. मी आणि मुलगी एस. टी. ने जाऊन खिडकीशी उभ्या राहिलो. कारकून भला माणूस होता. म्हणाला, "बाई, नवे साहेब आले की सही होईल." मी विचारले, "ते कधी येतील?" तो म्हणाला, "ते वर ठरतं." मी खरोखरीच वर पाहिले. वर पंखा फिरत होता.

पदवी आठ महिन्यांनी हातात पडली. तोवर शाळेने दुसरी शिक्षिका घेतली होती. त्यात शाळेचा काही दोष नाही, मुलांना मास्तरीण तर हवीच. पण "वर" म्हणजे कुठे, हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी मुलीनेच मोबाइलवर कायदा काढला आणि मी भाजी निवडत असताना वाचून दाखवला. मला समजले तेवढे सांगते.

आपल्या महाराष्ट्रात 2016 चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे. राज्यपाल हे सर्व सरकारी विद्यापीठांचे कुलपती. कुलगुरू नेमायची वेळ आली की एक शोधसमिती बसते. ती अर्ज पाहते, मुलाखती घेते आणि निदान पाच नावे कुलपतींपुढे ठेवते. त्यांतले एक कुलपती निवडतात. मुदत पाच वर्षांची, आणि वयाची पासष्ट वर्षे झाली की त्याआधीच संपते. म्हणजे मुलगी पाहायला पाच स्थळे आणावीत आणि शेवटचा होकार आजोबांनी द्यावा, तसे. इथवर मला पटले.

पण घोळ पुढे आहे. आजोबांना नेमतो कोण? राज्यपाल दिल्लीहून नेमले जातात. उच्च शिक्षणाचे मंत्री मात्र इथल्या निवडणुकीतून येतात. दोन्हीकडे एकच पक्ष असला, तर कुलगुरू कधी नेमला गेला ते आपल्याला कळतही नाही. दोन्हीकडे निरनिराळे पक्ष असले, की भांडण जुंपते. पहिल्या वेळी आपल्याला काही ऐकू येत नाही, दुसऱ्या वेळी आपल्या मुलांना सही मिळत नाही.

2021 साली असेच झाले. त्या डिसेंबरात विधिमंडळाने एक दुरुस्ती मंजूर केली. पाच नावे आधी राज्य सरकारकडे जावीत, सरकारने त्यांतली दोन कुलपतींकडे धाडावीत, आणि कुलपतींनी त्या दोहोंतूनच एक नेमावे, असे त्यात होते. शिवाय मंत्र्यांनाही प्रकुलपतीचे पद. तेव्हाचा विरोधी पक्ष म्हणाला, हे विद्यापीठात राजकारण घुसवणे आहे. सरकार म्हणाले, लोकांनी आम्हाला निवडले आहे, मग आम्ही नाही तर कोणी सांगायचे? ती दुरुस्ती काही अमलात आली नाही. 2022 च्या उन्हाळ्यात सरकारच बदलले आणि नव्या सरकारने ती मागे घ्यायचे ठरवले. मला दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकताना थोडे थोडे पटत होते, हे कबूल करते. पण प्रत्येकाचे मत खुर्चीप्रमाणे बदलते आहे की काय, असा संशयही येत होता. आणि याच सुमारास पुण्याच्या विद्यापीठाला 2022 च्या मेपासून 2023 च्या जूनपर्यंत पूर्ण वेळचे कुलगुरू नव्हते. वर्षाहून अधिक! आपल्या घरातली चूल वर्षभर प्रभारी बाईच्या हाती दिली तर काय होईल, याचा विचार करा.

आपल्याकडेच असे आहे असेही नाही. केरळात 2022 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक रद्द केली, कारण समितीने अनेक नावांऐवजी एकच नाव पुढे केले होते. दोनच दिवसांनी तिथल्या राज्यपालांनी नऊ कुलगुरूंना राजीनामे द्या म्हणून सांगितले. बंगालमध्ये त्याच वर्षी जूनमध्ये विधानसभेने राज्यपालांच्या जागी मुख्यमंत्र्यांनाच कुलपती करण्याचे विधेयक मंजूर केले.

आता कोणी म्हणेल, राजकारणातला माणूस विद्यापीठात नकोच. मला हे पटत नाही. पुण्याच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सारा जन्म राजकारणात गेलेला माणूस. त्यांच्यामागून 1956 साली रँग्लर परांजपे आले, ते तर 1921 साली मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले होते. त्यांचे पक्ष सर्वांना ठाऊक होते, आणि त्यांची विद्वत्ताही सर्वांना ठाऊक होती. माणूस कुठल्या पक्षाकडून आला ते उघड असले की त्याच्यावर डोळा ठेवता येतो. माझी तक्रार दाराआड ठरण्याची आहे.

आणि इथे माझा रेडिओ येतो. आमच्याकडे तो स्वयंपाकघरात फडताळावर असतो, कणकेचे हात लागून त्याची बटणे पांढरी झाली आहेत. हे वर्तमानपत्र वाचतात, मुलगी मोबाइल पाहते, पण माझे दोन्ही हात कामात गुंतलेले, मला कानच मोकळे. जगातले मला जे कळते ते कानांतून कळते. त्या पदवीच्या दिवसांत मी रोज वाट पाहत होते, की कोणीतरी या नेमणुकीबद्दल दोन शब्द बोलेल. सकाळच्या प्रादेशिक बातम्यांत एक ओळ यायची आणि जायची. गाण्यांच्या केंद्रावर तेही नाही.

एके दिवशी मी धीर करून गाण्यांच्या केंद्राला फोन लावला. केंद्राचे नाव सांगत नाही, तो मुलगा गोड बोलणारा होता. "बोला ताई, कोणतं गाणं ऐकणार?" मी म्हटले, "गाणं नको रे बाबा. आमच्या विद्यापीठाला कुलगुरू का नाही, ते कोणाला तरी बोलावून विचार ना." तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "ताई, तो विषय आम्हाला घेता येत नाही. तुमच्यासाठी एक छान भूपाळी लावू का?" दुपारचे दोन वाजले होते. घरात सगळे इतके हसले की विचारू नका. मीही हसले, पण भांडी घासताना मला त्याचा राग आला. आणि त्यात त्या पोराची चूक नव्हती, हे पुढे कळले.

त्याला खरोखरच बंदी होती. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई. 2011 सालच्या सरकारी धोरणात एवढी सवलत दिली, की आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवाव्यात. शिवाय काही गोष्टी बातम्या नव्हेत असे ठरवून त्या सांगायला मोकळीक दिली. त्या यादीत काय काय आहे पाहा. हवामान, रस्त्यावरची गर्दी, पाणी केव्हा येणार, वीज केव्हा जाणार. आणि परीक्षा, निकाल व प्रवेश! म्हणजे निकाल लागला हे तो पोरगा मला सांगू शकत होता. पण विद्यापीठाचा कारभार का अडला हे बोलणे आले की ते राजकारण, आणि तिथे भूपाळी. पोळी करपली एवढे सांगा, तवा कोणी तापवला ते विचारू नका.

2023 साली दूरसंचार नियामक मंडळाने, म्हणजे ट्रायने, सरकारला शिफारस केली की खासगी केंद्रांना तासाला दहा मिनिटे बातम्यांची परवानगी द्यावी. दहा मिनिटांत माझी कणीक मळून होते, तेवढीही मला पुरतील. खरे म्हणजे 1995 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की आकाशातल्या लहरी या जनतेच्या मालकीच्या आहेत. त्या जनतेत मीही आलेच. आणि सरकारने रेडिओवर काय ऐकावे ते ठरवणे हे काही आजचे नाही. आपलेच बाळकृष्ण केसकर 1952 साली मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी उठवली. बायका मग सिलोन लावू लागल्या.

तर मग बंदी उठवली की झाले का? इथे मला माझ्या भाचीची गोष्ट सांगायला हवी. ती अमेरिकेत मिशिगन संस्थानात असते. तिथे मिशिगन विद्यापीठाचा कारभार आठ जणांच्या मंडळाकडे आहे, आणि ते आठही जण सर्व संस्थानातल्या लोकांच्या मतांनी आठ वर्षांसाठी निवडले जातात. तेही उघड पक्षाच्या तिकिटावर! आपल्या कुलगुरूसारखा जो अधिकारी, त्याला हे मंडळ नेमते. भाची म्हणते, निदान कोण कोणाचा ते मतपत्रिकेवर छापलेले असते. मला हे ऐकून हेवा वाटला.

पण रेडिओचे ऐकून वाटला नाही. तिथे 1949 पासून एक नियम होता, की वादाच्या विषयावर रेडिओने दोन्ही बाजू ऐकवाव्यात. 1987 साली तो काढून टाकला. तेव्हापासून दिवसभर एकाच पक्षाच्या बाजूने बोलणारी, दुसऱ्याला शिव्याशाप देणारी भाषणे वाढली. लोक फोन करतात, तेही त्याच मताचे. भाची म्हणते, "मावशी, गाडीत लावला की डोकं उठतं. समोरच्याचं म्हणणं काय, ते शेवटपर्यंत कळत नाही." म्हणजे तिच्याकडे आरडाओरडा आणि माझ्याकडे भूपाळी. दोघींनाही हवे ते मिळत नाही.

मला काय हवे ते फार मोठे नाही. पाच नावे निघाली की दुपारी, आपली जेवणे उरकल्यावर, तासभर बोलणे व्हावे. हे पाच जण कोण, काय शिकवत होते, कुठला महाविद्यालयाचा किंवा खात्याचा कारभार पाहिला. सरकारच्या बाजूचा एक, विरुद्ध बाजूचा एक, आणि एखादा मुलांच्या बाजूचा. शेवटी आपल्यासारख्या चार बायकांचे फोन. पक्ष असेल तर तोही सांगावा, लाजू नये. आकाशवाणीला हे करायला कोणतीही बंदी नाही. निवडणुकीच्या वेळी तर 1977 पासून पक्षांची भाषणे तिथून होतातच. मग कुलगुरूंच्या वेळीच घसा का बसावा?

आमच्या यांचे म्हणणे, असल्या पत्रांना उत्तर येत नाही. येईल किंवा न येईल. पण आपण भाज्यांच्या भावाबद्दल कलेक्टरकडे गेलो होतो तेव्हाही हे असेच म्हणाले होते, आणि मग कलेक्टरांनी चहा दिला तो सगळ्यांत आधी यांनीच प्यायला.

म्हणून आकाशवाणी केंद्राच्या संचालकांना लिहिलेले एक पत्र दाराशी टेबलावर ठेवले आहे. मजकूर मुलीने लिहिला आहे, अक्षर चांगले आहे. तिला आता दुसऱ्या शाळेत जागा मिळाली आहे, अर्ध्या पगारावर. ज्यांना पटेल त्यांनी हळदीकुंकू घेऊन जाताना पूर्ण नाव घालून सही करावी. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईची डबी आहे. पेन दोऱ्याने टेबलाला बांधले आहे, कारण गेल्या वर्षी दोन गेली.