वारा, इंधन आणि कॅप्टनचा शब्द



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्यांनी विमानाच्या टाकीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण टाकीत इंधन किती भरायचे, हा प्रश्न अखेर कामावरच्या माणसाच्या अधिकाराचा आहे. म्हणून आम्ही हा विषय मागून घेतला.

आधी हिशेब पाहू. युरोपातून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानाला अटलांटिकवर, तीस-चाळीस हजार फुटांवर, पश्चिमेचा वारा अंगावर घ्यावा लागतो. समजा, पल्ला ६,३०० किलोमीटरचा आणि विमानाचा वेग ताशी ९००. वारा नसेल तर जायला ७ तास, यायला ७. आता ताशी १५० चा वारा धरा. जायला ८ तास २४ मिनिटे लागतात, येताना तोच वारा पाठीशी असल्याने ६ तास. जाता-येता फिटंफाट होईल, असे वाटते; ती होत नाही. उलट्या वाऱ्यात विमानाला अधिक वेळ काढावा लागतो, म्हणून २४ मिनिटांचे इंधन पदरचे जाते. आणखी एक गंमत. नकाशावरची अर्धी वाट ३,१५० किलोमीटरवर संपते. पण पुढे जाणे आणि मागे फिरणे यांना सारखाच वेळ लागतो ती जागा ३,६७५ किलोमीटरवर येते. समुद्रावर एखादे इंजिन बंद पडले, तर कॅप्टनला दुसरीच जागा ठाऊक हवी.

मग भरा की भरपूर! तसेही चालत नाही. दूरच्या प्रवासाला निघालेल्या गाडीत बैलांचाच कडबा भरला, तर बैल त्या कडब्याच्याच ओझ्याने दमतात. दहा तासांच्या उड्डाणात एक टन जादा इंधन नेले, तर त्यातले तीनशे किलोंच्या आसपास ते वाहून नेण्यातच जळते. म्हणून कंपनीचा कारकून कागदावर हिशेब मांडतो: वाटेपुरते, चुकलेल्या अंदाजासाठी काही टक्के, दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरते आणि शेवटी ३० मिनिटे घिरट्या घालण्यापुरते. त्याउपर कॅप्टनला हवे तेवढे. वाटेत ठरावीक टप्प्यांवर उरलेले इंधन कागदाशी ताडून पाहतात. वारा अंदाजाहून जोराचा निघाला तर उंची बदलतात, वाट बदलतात, नाहीतर अलीकडेच उतरून टाकी भरून घेतात.

‘त्याउपर कॅप्टनला हवे तेवढे’, भांडण या ओळीवर आहे. २००८ साली तेल महागले, तेव्हा अमेरिकेतील यूएस एअरवेजच्या वैमानिकांच्या संघटनेने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. जादा इंधन मागणाऱ्या आठ ज्येष्ठ वैमानिकांना कंपनी पुन्हा शिकवणीला धाडते, ही दडपणाची रीत आहे, असा तिचा आरोप. दडपणाचा प्रश्नच नाही, असे कंपनीचे म्हणणे. कारखान्याच्या दारावर आयुष्य काढलेल्यांना हे दोन्ही सूर ओळखीचे आहेत. तेल महाग आहे आणि उधळपट्टी कोणालाच नको, हे आम्हांलाही मान्य. पण वाऱ्यात कारकून बसत नाही, कॅप्टन बसतो.

मागितलेले मिळाले, तरी संकट उघड सांगण्याची छाती हवी. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे निघालेले अव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ वाटेत तीनदा, मिळून सव्वा तासाहून अधिक, घिरट्या घालत ठेवले गेले. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी नियंत्रकांना कळवले, आधी उतरू द्या असेही म्हटले. पण ‘आणीबाणी’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. वाऱ्याच्या फटक्यांत पहिला प्रयत्न हुकला आणि पुन्हा वळण घेताना चारही इंजिने थांबली. १५८ पैकी ७३ माणसे गेली. विमान टेकडीवर आदळूनही आग लागली नाही. जळायला काही उरलेच नव्हते.

वरिष्ठांपुढे आवाज खाली आणण्याची सवय साऱ्या जगात एकच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१२ पासून त्यावर उपाय काढला, तो शब्दांचाच. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही. ‘मेडे फ्युएल’ म्हणजे शेवटच्या ३० मिनिटांना हात लागणार.

त्याच केनेडी विमानतळाकडे ११ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीहून एअर इंडियाचे विमान गेले. उपकरणे बंद पडली, ढग खाली उतरलेले आणि इंधन संपत चाललेले. या वैमानिकांनी आडपडदा ठेवला नाही. काय काय बंद आहे आणि इंधन किती कमी आहे, ते नियंत्रकांना स्वच्छ सांगितले, शेजारच्या नेवार्ककडे विमान वळवले आणि साऱ्यांना सुखरूप उतरवले.