कातळातले मरण आणि देवाचा न्याय

वणी-पांढरकवडा भागातील शिबला-पार्डी येथे २०२१ मध्ये रस्त्याच्या कामासाठी खोदताना दगडी खांब उघडे पडले. एकाला एक खेटून उभे, कडा सरळ, बहुतेक सहा कोनांचे. पाथरवटाने टाकीने घडवावेत तसे ते दिसतात, पण ते कोणी घडवलेले नाहीत. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना त्याला तडे जातात, आणि थंडावा आत उतरत जाईल तसे तडेही खोल जातात. कमीत कमी तड्यांनी जास्तीत जास्त ताण मोकळा व्हायचा तर षटकोन सोयीचा, म्हणून तो पुन्हा पुन्हा दिसतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळाशी चिखलाला भेगा पडतात, त्यांची जातकुळी हीच. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच लाव्हाच्या कातळावर वसला आहे, आणि कपाशीची काळी माती म्हणजे त्याच कातळाची झीज.

ख्रिस्ती श्रद्धा आणि विज्ञान यांचे भांडण पुष्कळदा अशा खांबांपाशीच सुरू होते. जे समजत नाही तिथे देवाचा हात शोधायचा, आणि कारण कळले की तो हात मागे घ्यायचा, अशी ती सवय आहे. या वाटेने गेलेल्या श्रद्धेला दर पिढीत थोडी जागा सोडावी लागते. ख्रिस्ती परंपरेचा मुख्य प्रवाह मात्र असा नव्हता. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना स्पष्ट ताकीद दिली होती, की आकाश-पृथ्वीविषयी जाणकारांना ठाऊक असलेल्या गोष्टींवर ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलू नये. त्याने पवित्र शास्त्राचेच हसे होते. ज्या नियमाने लाव्हा आकसतो तो नियम मुळात आहे, आणि तो वाचू शकणारी बुद्धी माणसाला आहे, या दोन गोष्टींविषयी श्रद्धेला बोलायचे असते. खांब कसा झाला हे तिने भूशास्त्राला विचारावे.

विदर्भात हा प्रश्न अंगावर घेणारा एक माणूस स्वतः मिशनरी होता. स्कॉटलंडमधील डन्स येथे १८१७ मध्ये जन्मलेला स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये तिथल्याच फ्री चर्चच्या वतीने नागपुरात आला. शाळा चालवणे, मराठीतून उपदेश करणे हे त्याचे काम. पण दगड दिसला की त्याचे पाय थबकत. सीताबर्डीच्या टेकडीत आणि टाकळीच्या परिसरात त्याने रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर दोन लाव्हांच्या मधला गाळाचा पातळ थर तपासला. त्या थरात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते, फळे होती, बिया होत्या. म्हणजे एक लाव्हा वाहून निवला, त्यावर तळी साचली, तळ्यांत जीव वाढले, काठावर झाडे आली, आणि मग पुन्हा लाव्हा आला. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथून मिळालेल्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेनने १८५५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात आला.

या शोधांनी हिस्लॉपची श्रद्धा डळमळली नाही, आणि त्याचे कारण त्याच्या चर्चमध्येच सापडते. फ्री चर्चचे मुखपत्र मानले जाणारे वृत्तपत्र चालवणारा ह्यू मिलर स्वतः जीवाश्मांचा नावाजलेला अभ्यासक होता. चर्चचा धुरीण थॉमस चामर्स याने पृथ्वीचे प्रचंड वय फार आधीच मान्य केले होते. पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची आहे, असा आग्रह आज जगभरच्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत जुनी श्रद्धा म्हणून मांडला जातो. त्याचा सध्याचा जोर मुख्यतः १९६१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘द जेनेसिस फ्लड’ या पुस्तकापासूनचा आहे. विदर्भातल्या ख्रिस्ती वाचकांच्या हिशेबाने पाहिले, तर हिस्लॉपचे मत त्याहून शंभर वर्षांनी जुने ठरते.

पण वयाचा प्रश्न सुटला, तरी त्या शंखांमधून दुसरा आणि अधिक कठीण प्रश्न बाहेर आला. तळ्यातले जीव लाव्हाखाली मेले, तेव्हा माणूस जन्मलाच नव्हता. वणीच्या खाणींतला कोळसा तर २५ कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचा. पौलाच्या रोमकरांस पत्रात मरणाचा संबंध आदामाच्या पापाशी जोडला आहे. पाप करणारा यायच्या आधीच मरण एवढे माजले असेल, तर ते कोणाच्या पापाचे फळ? विज्ञानाचा प्रश्न आणि दुःखाचा प्रश्न इथे एकमेकांत अडकतात, आणि एकाला हात न लावता दुसरा सोडवता येत नाही.

याचे पहिले उत्तर डार्विनच्या सहाशे वर्षे आधी देऊन झाले होते. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने लिहिले, की माणसाच्या पापापूर्वी सिंह गवत खात होता असे मानणे अयुक्तिक आहे. प्राण्यांचा स्वभाव माणसाच्या पापाने बदललेला नाही. बायबलमध्येच १०४ वे स्तोत्र सिंहाच्या छाव्यांची शिकार देवाकडे मागितलेल्या अन्नात मोजते. पौल बोलतो ते माणसाच्या मरणाविषयी, देवापासून तुटलेल्या मरणाविषयी, असा अर्थ घेतला तर जीवाश्म आड येत नाहीत. हा अर्थ सोयीसाठी काढलेला नसून ग्रंथाला धरून आहे. मात्र त्याची किंमत मोजावी लागते: प्राण्यांचे दुःख शिक्षा नाही असे म्हटले, की ते कशासाठी आहे हे वेगळे सांगावे लागते.

हा प्रश्न भारतीय भूमीवर सर्वांत धारदारपणे विचारणारा मराठी माणूस होता. नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ चा; चित्पावन घराणे, वास्तव्य काशीत. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती मताचा पुरस्कार करणारा ग्रंथ संस्कृतात लिहिला. त्याला १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे संस्कृत उत्तर देताना गोरे विशीचे होते. (म्यूरला आधी उत्तर देणाऱ्यांत ‘सोमनाथ’ नावाने लिहिणारा पंडित होता. तो म्हणजे सीहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू असे अभ्यासक मानतात. कोपर्निकसचे मत मराठीत समजावणारा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ त्यांनी १८३६ मध्ये लिहिला होता. युरोपचे खगोलशास्त्र घ्यायचे आणि युरोपचा धर्म नाकारायचा, हे त्या पिढीला सहज जमत होते.) गोऱ्यांचा युक्तिवाद असा: जीव जन्मासोबतच प्रथम निर्माण होत असेल, तर एक मूल आंधळे जन्मते आणि दुसरे सुखात, हे कसे? पूर्वजन्म मानला तर उत्तर मिळते. न मानला तर देव पक्षपाती ठरतो. आणि ज्या जनावरांना पाप करताच येत नाही असे ख्रिस्ती मानतात, ती का कळवळतात?

ख्रिस्ती मताला असा विरोध करणाऱ्या गोऱ्यांचाच १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ‘षड्दर्शन दर्पण’ लिहून दर्शनांचे खंडन केले, पण शंकांनी त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. १८९५ मध्ये ते वारले. आज दोन्ही बाजू पाहता, तरुण गोऱ्यांचा प्रश्न त्या काळी मिळालेल्या ख्रिस्ती उत्तरांपेक्षा मोठा होता हे मान्य करणे रास्त आहे. कर्मसिद्धान्ताच्या उत्तरातही एक खोच आहे: आठवत नसलेल्या अपराधासाठी भोगणाऱ्यालाच गुन्हेगार धरावे लागते.

मराठीत ही खोच भाषेत उतरली आहे. दुःख, अनिष्ट, पाप, दुष्टावा, संकट असे शब्द असताना खेड्यापाड्यांत पटकन तोंडावर येतो तो ‘भोग’. त्यात सहन करणेही आहे आणि फेडणेही. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्तींनीही तो उचलला आणि त्यासोबत हिशेबही उचलला: आजारी पडला, म्हणजे काहीतरी केले असेल. वास्तविक योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्य नेमके हेच विचारतात, की पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. ईयोबाच्या पुस्तकातही मित्र पानेच्या पाने सिद्ध करू पाहतात, की ईयोबाने पाप केलेच असणार. शेवटी देवाचा ठपका येतो तो त्या मित्रांवर.

हा हिशेब मोडून काढायला विज्ञानाने मोठा हातभार लावला, आणि कुष्ठरोग हे त्याचे ठळक उदाहरण. पापाचे फळ म्हणून ज्यांना गावाबाहेर काढले जाई, त्यांच्या रोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेतील हान्सनने शोधला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुऔषधी उपचाराची शिफारस केल्यावर रोग पुरता बरा होऊ लागला. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी दांपत्याच्या पोटी जन्मलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला आणखी एक गोष्ट दाखवून दिली. बोटे मांस सडून झडत नाहीत. वेदना हरवल्याने रोगी तापलेले भांडे तसेच धरून ठेवतो, जखमेवर चालत राहतो आणि हातपाय गमावतो. दुखणे म्हणजे शरीराचा पहारा. या शोधाने प्राणिमात्रांच्या वेदनेचा थोडा अर्थ लागतो. थोडाच, कारण कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातली वेदना कशाचाही पहारा करत नाही.

दुसऱ्या प्रकारचे दुःख माणसाच्या हातून घडते, आणि त्यासाठी यवतमाळला दूर जावे लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, माणसाच्या डोक्याइतकी उंच झाली होती. पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल, समोरच्या झाडावर मारलेला फवारा वाऱ्याने परत चेहऱ्यावर. ज्याला गावात ‘औषध’ म्हणतात ते पुष्कळदा दोन-तीन विषांचे मिश्रण असे. त्यांतली ऑर्गनोफॉस्फेट गटातली विषे नसांमधला निरोप वेळेवर थांबवणारे विकर बंद पाडतात. मग घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी आणि शेवटी श्वास कोंडणे. फवारण्या इतक्या वाढण्यामागे एक कारण गुलाबी बोंडअळीची धास्ती हे होते. बीटी कपाशीतल्या विषाला ती काही वर्षांतच दाद देईनाशी झाली, कारण विषातून वाचलेल्या थोड्या अळ्यांचीच संतती पुढे उरली. उत्क्रांती पुस्तकात वाचायची गोष्ट आहे असे वाटणाऱ्याला ती इथल्या बोंडात दिसते.

अशा मरणाला देवाची करणी म्हणणे हा ईयोबाच्या मित्रांचाच दोष आहे. बाजार, कर्ज, मजुरी, न पुरवलेले हातमोजे आणि मुखवटे, दुकानातला बेपर्वा सल्ला या साखळीची प्रत्येक कडी माणसाने घडवली आहे. ख्रिस्ती तत्त्वज्ञ इथे इच्छास्वातंत्र्याचा मुद्दा मांडतात. अमेरिकेतील अल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये तो तर्काच्या दृष्टीने घट्ट बांधला. मोकळ्या माणसांचे जग हवे, तर त्यांना वाईट निवडण्याची मुभा राहणारच. तर्क बिनतोड आहे, पण निवडणारा एक आणि श्वास कोंडणारा दुसरा, ही सल त्याने जात नाही.

त्या सलीपाशी ख्रिस्ती श्रद्धा तर्काऐवजी एक घटना पुढे ठेवते: क्रूसावर येशूच्या रूपात देव स्वतः निरपराध मरण मरला. हे स्पष्टीकरण नव्हे, आणि ते तसे म्हणून पुढे करू नये. ज्याचा देव दुःखाच्या बाहेर बसलेला नाही त्याला दुःखात कोणाजवळ जायचे हे ठाऊक असते, एवढाच श्रद्धेचा दावा आहे. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातील दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावली. बाप्तिस्म्याआधी त्यांच्या विचाराला वळण देणाऱ्यांत गोरे होते. देवाच्या न्यायावर रमाबाईंनी मोठा ग्रंथ रचला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली केडगावला घेऊन आल्या. हिस्लॉपचा शेवट मात्र कोड्यात टाकणारा आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला. नदी फुगण्याचा नियम त्याच्यासाठी थांबला नाही, आणि तो थांबावा अशी अपेक्षा त्याच्या भूशास्त्रातही नव्हती, श्रद्धेतही नव्हती.

उरतो तो गोऱ्यांचा शेवटचा प्रश्न, मुक्या जिवांचा; त्याचे एक उत्तर इथल्याच चर्चच्या परंपरेत सापडते. यवतमाळ जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काम करणारे चर्च फ्री मेथडिस्ट पंथाचे; केळापूर तालुक्यातील उमरीचे रुग्णालय त्याच परंपरेतले. यवतमाळ शहरातल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत १९५३ पासून, ती १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत, धर्मोपदेशक घडत होते. फ्री मेथडिस्टांचा मूळ पुरुष जॉन वेस्ली. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात मुक्तीची वाट पाहत कण्हणाऱ्या सगळ्या सृष्टीचा उल्लेख आहे. त्याच उताऱ्यावर वेस्लीने १७८१ मध्ये एक प्रवचन प्रसिद्ध केले. त्यात त्याने ठामपणे म्हटले, की जनावरांनी काही अपराध केलेला नसताना जे सोसले, त्याची भरपाई त्यांना नव्या सृष्टीत मिळेल. न्यायी देवाकडून याहून कमी अपेक्षिता येत नाही.